उताऱ्याची आकृती मुलांनाच काढू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की 'मुलं वाचत नाहीत' ही ओरड सुरू होते, मोबाईलला चार शिव्या बसतात, शाळाशाळांत पुस्तकं हातात धरून फोटो निघतात आणि १६ तारखेला सगळं परत होतं तसं. मी सातारा जिल्ह्यात सहावी ते आठवीच्या मुलांची घरीच शिकवणी घेते, त्यामुळे ही मुलं वाचताना मला रोज दिसतात आणि मला तरी प्रॉब्लेम वेगळाच वाटतो. मुलं वाचतात हो. घडाघडा वाचतात, जोडाक्षरं बरोबर, उच्चार बरोबर. गोष्ट असेल तर समजतेसुद्धा, कारण गोष्ट कशी चालते हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं, एक होता राजा, मग काहीतरी अडचण, मग ती सुटते. पण भूगोलाचा किंवा विज्ञानाचा माहितीचा उतारा समोर आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होतं आणि हाताला काहीच लागत नाही. काय होतं यात विचारलं की उत्तर येतं, "पावसाबद्दल होतं." अरे पावसाबद्दल होतं हे कळलं, पण तो उतारा करत काय होता? नुसतं वर्णन करत होता, कारण सांगत होता, दोन ठिकाणांची तुलना करत होता की एखादी अडचण सांगून तिच्यावरचा उपाय सांगत होता? हा प्रश्न मुलांना पडतच नाही, कारण तो त्यांना कोणी कधी विचारलेलाच नसतो.

आमच्याच जिल्ह्याचं बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास, मधलं अंतर सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. यावर मी मुलांसाठी एक छोटा उतारा लिहिलाय तो असा: "अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला आदळून वर चढतात. वर हवा थंड होते, बाष्पाचे ढग बनतात आणि पश्चिम उतारावर भरपूर पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडून वारे पूर्वेला उतरू लागले की हवा पुन्हा तापते. तापलेली हवा बाष्प धरून ठेवते. माण, खटाव हे तालुके या बाजूला येतात." बस एवढाच. खाली प्रश्न, माण तालुक्यात पाऊस कमी का पडतो? सातवीतली एक हुशार मुलगी, वर्गात पहिल्या पाचात असणारी, दोनदा वाचून म्हणाली, "ताई, याचं उत्तर दिलेलंच नाहीये, 'कारण' शब्दच नाहीये यात." म्हटलं उत्तर राहू दे, शब्द पण नको, नुसते बाण काढ. तिने डोंगर काढला, समुद्राकडून वर जाणारा बाण काढला, ढग काढला, पलीकडे उतरणारा बाण काढला आणि त्या बाणाच्या टोकाशी 'माण' लिहिताना थांबली आणि "अच्छा, म्हणजे इथे येईपर्यंत ढगच राहत नाहीत" असं स्वतःच म्हणाली. उतारा तोच, मुलगी तीच. मघाशी तिला ती पाच वेगवेगळी वाक्यं वाटत होती आणि बाण काढल्यावर ती एकाला एक जोडलेली साखळी आहे हे दिसलं.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्याकडे पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायात आणि कृतिपत्रिकेत, म्हणजे हल्लीच्या प्रश्नपत्रिकेत, आकृत्या नसतात असं नाही, उलट भरपूर असतात. ओघतक्ता (बाणांनी जोडलेल्या चौकटी) पूर्ण करा, आकृतिबंध पूर्ण करा, कारणे लिहा, फरक सांगा, घटनांचा क्रम लावा, चौकटी भरा. कल्पना खरंच चांगली आहे, घोकंपट्टीच्या जुन्या प्रश्नांपेक्षा शंभर पटीने चांगली. पण होतं काय की उताऱ्याचा आकार, म्हणजे तो कारण सांगतोय, तुलना करतोय की क्रम सांगतोय ते, प्रश्नातच देऊन टाकलेला असतो. ओघतक्ता दिला की मुलाला आयतं कळतं इथे काहीतरी क्रमाने घडतंय, दोन रकाने आखून दिले की कळतं तुलना आहे. म्हणजे डोकं चालवायचं जे काम होतं ते पेपर काढणाऱ्याने आधीच करून ठेवलंय आणि मुलाच्या वाट्याला राहिलं काय, तर तीन रिकाम्या चौकटींत बसतील असे तीन शब्द उताऱ्यातून हुडकणं. त्यात क्लासवाले आणि युट्यूबवाले ट्रिक सांगतात, आधी प्रश्न वाचा, त्यातला शब्द उताऱ्यात शोधा, त्याच्या पुढचं-मागचं वाक्य उतरवा. मार्क मिळतात, नाही असं नाही! स्कॉलरशिपच्या परीक्षेतसुद्धा बऱ्याच वेळा चालून जातं. फक्त पुढे अकरावीत बायोलॉजीचं जाडजूड पुस्तक येतं आणि त्यात कोणी ओघतक्ता आखून देत नाही, तेव्हा हीच मुलं सगळ्याच ओळी हायलायटरने पिवळ्या करून ठेवतात.

मग पालक इंटरनेटवरून वर्कशीट काढून आणतात. ती इंग्रजीची असतात, 'बिकॉज' दिसला की कारण, 'हाऊएव्हर' दिसला की तुलना, 'फर्स्ट-नेक्स्ट' दिसला की क्रम, असे तक्ते. आता काहीजण त्याचं मराठी करून वाटतात, कारण, म्हणून, परंतु, याउलट, प्रथम, नंतर. तक्ता वाईट नाही, पण मराठी असं चालत नाही ना. मराठीत निम्मा जोड शब्दाच्या शेपटीला असतो. पावसामुळे, तापल्याने, भिजल्यावर, मिसळून, त्यापेक्षा. आणि 'उतरू लागले की' मधला 'की' सुटा असला तरी तक्त्यात नसतो. तक्त्यातले शब्द शोधत बसलेल्या मुलाला हे दिसतच नाही, वरच्या माझ्या उताऱ्यात सगळी गंमत त्या 'की'मध्ये होती आणि तिकडे त्या मुलीचं लक्षच गेलं नव्हतं.

आणि जे सुटे शब्द आहेत ते पण सरळ नाहीत. 'म्हणून' घ्या. 'लोणार हे उल्काघाती सरोवर म्हणून ओळखलं जातं' यात कारण नाही आणि परिणामही नाही, नुसती ओळख आहे. 'पाणी जिरावं म्हणून डोंगरावर चर खणले' यात हेतू आहे. 'पाणी जिरलं म्हणून विहिरी भरल्या' यात परिणाम आहे. तक्ता पाठ केलेलं पोरगं तिन्हीकडे एकच बाण काढतं. 'तर'चं पण तसंच, 'कोकणात भात पिकतो तर देशावर ज्वारी' ही तुलना झाली आणि 'पाऊस लांबला तर पेरणी लांबते' ही अट झाली. हे व्याकरणाच्या तासाला उभयान्वयी अव्यय म्हणून येतं, प्रकार पाठ होतात, एका मार्काचा प्रश्न सुटतो, आणि भूगोलाच्या तासाला त्याचा कोणालाही काही संबंध लागत नाही! मराठीचे सर वेगळे, भूगोलाच्या मॅडम वेगळ्या, दोघांचे तास वेगळे. खरं तर हे उभयान्वयी अव्यय भूगोलाच्या पुस्तकातूनच शिकवायला पाहिजेत.

तारखा हा अजून एक चकवा. उताऱ्यात साल-तारीख दिसली की मुलं डोळे झाकून 'घटनाक्रम' म्हणतात. पानशेतचा उतारा दिला होता. १२ जुलै १९६१, बांधकाम पूर्ण न झालेलं पानशेत धरण फुटलं, त्याचा लोंढा खडकवासल्यात आला, खडकवासला धरणही फुटलं आणि पाणी पुण्यात शिरलं. सगळ्यांनी छान एकाखाली एक चौकटी काढल्या. म्हटलं ठीक, आता मला सांगा दुसरं धरण पहिल्या 'नंतर' फुटलं की पहिल्या'मुळे' फुटलं? जरा वेळ शांतता. मग एकजण म्हणाला, दोन्ही. बरोबर, दोन्ही. पण प्रत्येक 'नंतर' हा 'मुळे' नसतो, इतिहासाच्या धड्यात एकामागून एक दहा घटना येतात, त्यातल्या कोणत्या दोन खरंच एकमेकींमुळे घडल्यात आणि कोणत्या नुसत्या ओळीत उभ्या आहेत हे ओळखता आलं तर इतिहास पाठ करायचं ओझं निम्म्याने कमी होईल. अजून एक घोळ पण होतो, रेशीमकिड्याचं जीवनचक्र सरळ रेषेत काढतात, अंडी, अळी, कोष, पतंग, संपलं. मग पुढची अंडी कुठून आली रे बाबा?

तुलनेच्या उताऱ्यात मुलं सगळ्यात जास्त कुठे अडकतात सांगू का, तर जेव्हा लेखक दोन गोष्टी एकदम घेऊन मुद्द्यामुद्द्याने पुढे जातो. आधी खरीपाचं सगळं सांगितलं आणि मग रब्बीचं सगळं सांगितलं तर कोणालाही कळतं. पण पेरणीबद्दल एक वाक्य खरीपाचं एक रब्बीचं, मग पाण्याबद्दल, मग काढणीबद्दल असं आलं की तिसऱ्या वाक्याला हे कोणाबद्दल चाललंय तेच सुटतं, कारण मराठीत आपण कोणाबद्दल ते गाळून बिनधास्त पुढे जातो, 'काढणी मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये होते', कुणाची? तो 'मात्र' धरला नाही तर गेलं. मी मुलांना दोन रकाने आखायला सांगते, आणि मग ज्वारी विचारते. ज्वारी कुठल्या रकान्यात? खरीपातही होते, रब्बीतही होते, मंगळवेढ्याकडची प्रसिद्ध मालदांडी तर रब्बीचीच. मग पोरांची भांडणं लागतात, शेतकऱ्यांची पोरं असतात त्यांना घरचं माहीत असतं. शेवटी दोन वर्तुळं एकमेकांत घुसवून मधल्या भागात ज्वारी जाते. हे त्यांना जितकं लक्षात राहतं तितकं 'फरक सांगा'च्या रेडिमेड तक्त्यातलं राहत नाही.

समस्या आणि उपायाचा उतारा म्हटला की आपल्याकडे ठरलेलं गाव म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार, आणि ते योग्यच आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान, शेतीसाठी बोअरला बंदी, उसासारख्या पिकांना बंदी. मुलं ही यादी एका दमात म्हणून दाखवतात. पण कुठली बंदी कुठल्या दुखण्यावर हे विचारलं की गाडी थांबते. चराईबंदी झाली की गवत टिकतं, गवत टिकलं की माती धरून राहते आणि पाणी जिरतं, चारा कापून नेता येतो म्हणून दूध वाढतं. बोअरबंदी आणि ऊसबंदी मात्र पाणी जिरवायला नाही, जिरलेलं पाणी उपसून संपू नये म्हणून. म्हणजे काही उपाय पाणी आत घालायचे आणि काही ते बाहेर जाऊ न द्यायचे. हे एकदा समोरासमोर मांडलं की यादी पाठ करायला लागत नाही. आणि एका उताऱ्यात एकच आकार असेल असंही नसतं हे पण इथे कळतं, सगळा उतारा समस्या-उपायाचा, त्याच्या पोटात कारणांची साखळी, आणि शेवटी 'पूर्वी आणि आता' अशी तुलना. मुलांना 'वर्णन, क्रम, कारण, तुलना, समस्या-उपाय या पाचपैकी एक पर्याय निवडा' असं शिकवून चालणार नाही, मोठा आकार कुठला आणि त्याच्या पोटात कुठले छोटे असं विचारावं लागतं.

हे मी काही नवीन शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत बॉनी मेयर नावाच्या संशोधक १९७० च्या दशकापासून यावर काम करत होत्या, नववीच्या विद्यार्थ्यांवरचा त्यांचा १९८० चा अभ्यास प्रसिद्ध आहे, लेखकाने मजकूर ज्या आकारात मांडलाय तोच आकार धरून जी मुलं आठवतात त्यांना जास्त आठवतं असं त्यात दिसलं. तिकडच्या २०१० च्या कॉमन कोअर मानकांत, म्हणजे कुठल्या इयत्तेत काय यायला हवं याच्या यादीत, तर पाचवीच्या मुलाने दोन वेगवेगळ्या मजकुरांची मांडणी एकमेकांशी ताडून बघावी अशी अपेक्षाच लिहिलीय. आपल्याकडे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं उद्दिष्ट, चांगलंच आहे. मुलांना कितपत वाचता येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाच्या नेहमीच्या चाचणीत वाचनाची सगळ्यात वरची पायरी म्हणजे दुसरीच्या पातळीची गोष्ट. गोष्ट! मोठ्या मुलांच्या, १४ ते १८ वयोगटाच्या सर्वेक्षणात मात्र ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचून उत्तरं द्यायला सांगितली होती, आणि मला ते फार आवडलं, कारण जगायला तेच लागतं. पण तिसरी आणि चौदावं वर्ष यांच्यामध्ये जी वर्षं आहेत, सहावी-सातवी-आठवीची, जिथे गोष्टी कमी होत जातात आणि पुस्तकं माहितीने भरत जातात, तिथे मुलाला या नव्या प्रकारचं वाचन शिकवायचं काम कुणाचं? भाषेचे शिक्षक म्हणतात आम्हाला कविता-धडे संपवायचेत, विषयशिक्षक म्हणतात वाचायला शिकवणं आमचं काम नाही. शिक्षकांना बोल लावायचा नाहीये मला, त्यांच्यामागे ऑनलाईन माहिती भरण्यापासून निवडणुकीच्या कामापर्यंत काय काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि याला वेगळा तास पण लागत नाही. आहे तोच धडा, आहे तोच स्वाध्याय, फक्त ओघतक्त्याचं पान झाकून ठेवायचं, मुलांना कोरा कागद द्यायचा आणि म्हणायचं याची आकृती तुम्ही काढा. मग पुस्तकातली उघडून जुळवून बघा. न जुळली तर भांडा, कधीकधी मुलाचीच आकृती जास्त बरोबर असते. कृतिपत्रिकेत पण दहातला एक प्रश्न असा कोरा ठेवायला काय हरकत आहे? तपासायला त्रास होईल हे मान्य, वेगवेगळ्या आकृत्या येतील, सगळ्यांना एकच उत्तरसूची लावता येणार नाही. पण निबंध तपासतोच की आपण.

आता संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं आहे. मी शिकवणीत तुमच्याच पेपरातल्या बातम्या वापरते, कारण बातमीचा आकार पाठ्यपुस्तकापेक्षा एकदम उलटा असतो. पावसाळ्यात कोयनेची बातमी असते ना, पहिल्याच ओळीत 'धरणाचे दरवाजे उघडून विसर्ग वाढवण्यात आला', मग नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा, मग पाणलोट क्षेत्रात किती पाऊस झाला, आणि सगळ्यात खाली साठा किती टीएमसी. मुलांना पेन्सिलीने प्रत्येक वाक्यापुढे खरं घडलं त्या क्रमाने आकडे टाकायला सांगते. पाऊस एक, साठा दोन, मग इशारा आधी की विसर्ग आधी यावर अर्धा तास वाद. एकाने तर काकांना फोन लावून विचारलं, ते नदीकाठी राहतात. महत्त्वाचं आधी आणि घडलेलं नंतर असं बातमी का लिहितात हे त्यातून आपोआप निघतं, आणि मग ती मुलं घरी पेपर वाचायला लागतात, निदान पहिलं पान तरी.

तर तुमच्या मुलांच्या पुरवणीत शब्दकोडं आणि फरक ओळखा या दोन्हींच्या मध्ये थोडी जागा काढा. दर आठवड्याला एक माहितीचा उतारा, आठ-दहा ओळींचा, साधा, आपल्याकडचा, द्राक्षाची छाटणी असेल, एसटीची स्लीपर गाडी असेल, वाघाची गणना असेल. वर ठसठशीत मथळा देऊ नका, मथळ्यानेच उत्तर फुटतं. खाली प्रश्न पण नकोत, चौकटी पण नकोत, रिकामी जागा सोडा आणि लिहा, याची आकृती काढून पाठवा. आलेल्यांपैकी दोन-तीन वेगवेगळ्या आकृत्या पुढच्या आठवड्यात शेजारी शेजारी छापा, चुकलेली वाटणारीसुद्धा, आणि काढणाऱ्या मुलाने तसं का काढलं असेल ते दोन ओळींत लिहा. उतारे लिहून द्यायला माझ्यासारखे बरेच जण फुकट तयार होतील. फक्त एक, उत्तर त्याच पानाच्या तळाशी उलटं छापू नका, पोरं सगळ्यात आधी पेपर फिरवतात.

आपली,
एक वाचक, जि. सातारा